जयवंता केशतेल

रविवारी सकाळी आंघोळीपूर्वी डोक्याला तेल चोळताना भगवंतराव वकिलांचा हात मध्येच थांबला. घरात इंदुताईंचा वास आला होता. त्यांनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंसुद्धा, आणि पाहिल्यावर ओशाळले. इंदुताई औरंगाबादला होत्या, त्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं, आणि दारात नुसता पडदा होता, तोही धुवायला झालेला. त्यांनी तळवे नाकाशी धरले. करपलेल्या मेंदीचा, वाळ्याचा, आणि त्याखाली घाण्याच्या तिळाचा जड, उबदार वास. लग्नानंतरच्या वर्षांत उशीच्या अभ्र्याला हा वास यायचा. इंदुताई शाळेत निघून गेल्यावरही खोलीत रेंगाळायचा. मग कधीतरी यायचा थांबला. कधी थांबला, हे त्यांना सांगता आलं नसतं. वय झालं की वास कमी होत असतील, अशी काहीतरी त्यांनी मनाची समजूत घातली असावी, किंवा तीही घातली नसेल.

त्यांनी बाटली खिडकीपाशी उजेडात नेली. हिरवी चपटी बाटली, लेबलावर केस मोकळे सोडून पाटावर बसलेली बाई, खाली 'जयवंता केशतेल'. नाव फक्त मराठीत होतं. भगवंतराव त्या अक्षरांकडे पाहत राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जयवंता तेलाच्या खऱ्या लेबलावर नाव चार लिप्यांत असतं, मराठी, उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी. नुसत्या मराठी नावाची बाटली बनावट. ही गोष्ट हैदराबाद शहरात कुणाला पक्की ठाऊक असेल तर ती भगवंतरावांना, कारण दाव्याच्या अर्जात ती त्यांनी स्वतः लिहिली होती. मुद्दालेहच्या, म्हणजे प्रतिवादीच्या, लेबलावर तीन लिप्या गाळलेल्या असल्या तरी चित्र, रंग आणि बाटलीचा घाट इतका सारखा आहे की सामान्य गिऱ्हाईक फसल्याशिवाय राहणार नाही. सामान्य गिऱ्हाईक! ते एकदम हसले. हसू मोठ्यानं फुटलं, भिंतीवर आपटल्यासारखं झालं आणि परत आलं. ऐकायला कुणी नसताना माणूस हसला की शेवटी घसा खाकरावा लागतो, तसा त्यांनी खाकरला.

बाटली त्यांनी सुलतान बाजारातल्या नेहमीच्या दुकानातून आणली होती. "जयवंताच आहे ना?" असं सवयीनं विचारलंही होतं. दुकानदार म्हणाला होता, "हौ वकीलसाब, वहीच है. कैकू शक करते?" आणि त्यांनी शंका घेतली नव्हती. त्या दुकानदाराला तरी काय ठाऊक असणार?

जयवंता तेलाची हकीकत सगळ्या बाजाराला माहीत होती. परभणीकडच्या एका शेतकऱ्यानं निजामाच्या अमलात हैदराबादला येऊन काचीगुड्याच्या एका शेडमध्ये तेल काढायला सुरुवात केली, आणि त्याला बायकोचं नाव दिलं. तेल चाललं, संस्थानभर पसरलं. म्हातारा वारला तेव्हा दोन मुलगे होते. थोरले हिम्मतराव, धाकटे नामदेवराव. नोंदणी थोरल्याच्या नावावर झाली, कारण तेव्हा धाकटा शाळेत होता. मग छप्पन्नचा नोव्हेंबर आला. राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं, मराठवाडा मुंबईकडे गेला, हैदराबाद आंध्रात. नामदेवराव म्हणाले, आपलं गिऱ्हाईक मराठी, आपण नांदेडला जाऊ. हिम्मतराव म्हणाले, गिऱ्हाईक डोकं पाहून तेल घेतं, भाषा पाहून नाही. धाकटा एकटा गेला. तिथं त्यानं तेच तेल, त्याच बाईचं चित्र लावून विकायला काढलं, आणि वर्षभरात त्याच्या बाटल्या आगगाडीत बसून उलट हैदराबादला येऊ लागल्या. हिम्मतराव भगवंतरावांकडे आले. छाप्यांचं, निशाण्यांचं, म्हणजे ट्रेडमार्कचं काम करणारा मराठी वकील शहरात आता दुसरा उरला नव्हता.

कारण सगळे गेले होते. ते जाणं भगवंतरावांनी वरच्या मजल्यावरच्या याच खिडकीतून पाहिलं होतं. समोरचे शिक्षणखात्यातले गेले, खालचे पोस्टातले गेले. टांग्यांवर ट्रंका, पितळी पिंपं, गुंडाळलेल्या गाद्या. मराठी ग्रंथसंग्रहालयात संध्याकाळी वर्तमानपत्रासाठी रांग लागायची, तिथं आता पेपर घडीसुद्धा न मोडलेला सापडू लागला. कोर्टातले मित्र हणमंतराव, ज्यांच्याबरोबर उर्दू अदालतीच्या काळापासून रोज दुपारी एका मेजावर डबा उघडायचा, ते नांदेडला वकिली थाटायला गेले. आणि सरकारी मुलींच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या इंदुताईंचं नाव मुंबई राज्याकडे वाटलेल्या नोकरांत निघालं. त्या दिवशी त्या शाळेतून आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "औरंगाबाद मिळालं." जणू रेशनवर काही मिळालं. मग पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही येणार?" भगवंतराव म्हणाले, "येतो की. हातातलं काम एवढं संपू दे." मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अडायचं काही कारण नव्हतं, आणि निघायचंही. काम संपलं, दुसरं आलं. इंदुताईंनी पुन्हा विचारलं नाही. न विचारणं हा त्यांचा स्वभाव आहे असं भगवंतराव पंचवीस वर्षं समजत आले होते.

त्या रविवारी ते बराच वेळ डोक्याला तेल तसंच ठेवून बसले. मग कपाटातून खऱ्या तेलाची बाटली काढली, हिम्मतरावांनी दिवाळीला पाठवलेली. बूच उघडलं. पातळ, पांढरं, कुठल्याशा विलायती फुलाचा गुळमट वास असलेलं तेल. हिम्मतरावांनी कधीतरी तीळ आणि मेंदी सोडून मुंबईहून येणारं पांढरं तेल आणि तयार अत्तर धरलं होतं. ते स्वतःच एकदा सहज म्हणाले होते, "घाण्याचं तेल कोण काढत बसतंय वकीलसाहेब? नाव चालतंय." म्हणजे लबाडीची बाटली जुन्या तेलाची होती, आणि प्रामाणिक बाटलीत भलतंच काही. कायद्यात याला जागा नव्हती. निशाणी कोणाची एवढाच प्रश्न, बाटलीत काय आहे हा प्रश्नच नव्हे, असं ते कितीदा तरी बोलले होते, उर्दूत आणि इंग्रजीत. आता मात्र घरातली हवा त्यांच्या बाजूनं साक्ष देत नव्हती. त्यांनी डोकं दोनदा साबणानं धुतलं. वास गेला नाही.

पुढच्या आठवड्यात हिमायतनगरला हिम्मतरावांच्या नव्या बंगल्यावर त्यांना जावं लागलं. जयवंताबाईंची साक्ष व्हायची होती. लेबलावरचं चित्र त्यांचं, नाव त्यांचं, तेव्हा त्यांनीच सांगायचं की नवऱ्यानं धंदा थोरल्याच्या हवाली केला. भगवंतरावांनी पिशवीत दोन्ही बाटल्या घेतल्या. एक बाटली पुरली असती. दुसरी का घेतली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

म्हातारी मागच्या व्हरांड्यात खाटेवर बसली होती. लेबलावरच्या बाईशी तिचं काही जुळत नव्हतं. पांढरे केस इतके विरळ झाले होते की पदराखालून डोक्याचा आकार दिसत होता. भगवंतराव स्टुलावर बसले. काय विचारतील, काय सांगायचं, हे त्यांनी सावकाश समजावलं. ती ऐकत होती की नाही ते कळेना.

"बाई, नाव तुमचंच ना तेलाला?"

"माझंच की. पर माझ्या मालकानं मला कधी त्या नावानं हाक मारली न्हाई. अगं ए, म्हणायचे. नाहीतर हिम्मतची माय. नाव म्या दुकानात ऐकलं. सुलतान बाजारात लुगडं घ्याया गेल्ते, तर एक गडी वरडला, दो जयवंता देव! म्या पदर वढून मागं सरले. वाटलं, हा कोण मेला मला नावानं मागायलाय." ती हसली. दात नव्हते. "मग सवय झाली. आता कुणी मागंना तर करमत न्हाई."

भगवंतरावही हसले, आणि हसता हसता त्यांचा हात पिशवीत गेला. त्यांनी मराठी नावाची बाटली काढून तिच्यापुढे धरली. म्हातारीनं बूच काढलं, तळहातावर थेंब घेतले आणि वास घेतला. तेल तिनं डोक्याला लावलं, भांगाच्या जागी, हळूहळू, बोटं फिरवत. डोळे मिटले होते. बंगल्यामागच्या रस्त्यावरून कुणी भाजीवाली ओरडत गेली. भगवंतरावांना वाटलं, आपण इथं असायला नको होतं. असंच त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा इंदुताईंना केस विंचरताना पाहून वाटलं होतं, आणि तेव्हा ते खोलीबाहेर गेले होते. बाहेर जाऊन काय केलं होतं? बहुतेक पेपर वाचला असेल.

"ही हितं ठिवा," म्हातारी म्हणाली.

"ठेवता येणार नाही, बाई. दाव्यातली वस्तू आहे."

हे खोटं होतं. दाव्यातल्या बाटल्या कोर्टात मोहोर लावून ठेवलेल्या होत्या. ही त्यांनी स्वतः विकत घेतलेली. पण हिम्मतरावांच्या घरात हिम्मतरावांच्या वकिलानं ही बाटली ठेवायची कशी? त्यांनी बूच घट्ट लावलं. म्हातारीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"बरं. तुम्ही म्हणताव तसं बोलते म्या कोरटात. थोरल्याचंच हाय म्हणते. खोटं कुठं हाय त्यात? पर एक करायचं. खटला झाला की मला धाकल्याकडं न्यायचं, नांदेडला. थोरला न्हाई नेणार. गड्याबरबर म्या जाणार न्हाई. तुम्ही न्यायचं."

"नेतो की," भगवंतराव म्हणाले. शब्द तोंडातून इतका सहज गेला की त्यांना तो ओळखीचा वाटला.

कोर्ट आता इंग्रजीत चालायचं. न्यायाधीश गुंटूरकडून आलेले, शांत, पातळ ओठांचे गृहस्थ. जयवंताबाई मराठीत बोलणार, दुभाष्या ते इंग्रजीत सांगणार. नामदेवराव मागच्या बाकावर बसले होते. आईसारखं कपाळ, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यांच्या बाजूनं नांदेडहून हणमंतराव आले होते. सकाळी व्हरांड्यात दोघे मित्र भेटले तेव्हा हणमंतराव म्हणाले, "भगवंता, वाळलास रे." आणि मग, "इंदूवहिनी बऱ्या आहेत. औरंगाबादला गेलो होतो तेव्हा भेटल्या." भगवंतरावांनी विचारलं नाही की कशा बऱ्या आहेत. दुसऱ्याकडून आपल्या बायकोची खुशाली ऐकताना मान हलवून 'हो हो' म्हणायचं असतं, तसं ते म्हणाले.

भगवंतरावांचा युक्तिवाद त्या दिवशी चांगला झाला. गिऱ्हाईक दोन बाटल्या शेजारी ठेवून पाहत नाही, ते म्हणाले. त्याच्या मनात जुनी, अर्धवट आठवण असते, तीवर भरवसा ठेवून तो हात पुढे करतो. कायदा त्या अर्धवट आठवणीचं रक्षण करतो. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं. भगवंतरावांना क्षणभर जुना आनंद झाला, चाकू नीट चालल्याचा. मग म्हातारी उभी राहिली. ठरल्याप्रमाणे बोलली. मालकानं थोरल्याच्या हाती दिलं. धाकल्यानं विचारलं न्हाई. प्रत्येक वाक्यानंतर दुभाष्याचं इंग्रजी वाक्य यायचं, कडक इस्त्रीचं, आणि म्हातारी त्याच्याकडे कौतुकानं पाहायची, आपण एवढं बोललो का म्हणून.

हणमंतराव उलटतपासणीला उठले. त्यांनी दोन बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या, बुचं काढून.

"बाई, तुमच्या मालकाच्या हातचं तेल यातलं कोणतं? वास घेऊन सांगा."

म्हातारीनं हात पुढे केला. तिचा हात बाटलीपर्यंत पोचायच्या आत भगवंतराव उभे राहिले होते. हरकत आहे. प्रश्न निशाणीचा आहे, मालाचा नाही. साक्षीदाराला कशाचा वास येतो याच्याशी या दाव्याचा काहीही संबंध नाही. ते बोलले तेव्हा आवाज स्वच्छ होता. न्यायाधीश म्हणाले, बरोबर. प्रश्न नामंजूर. म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला. दुभाष्यानं तिला खुणेनं सांगितलं, नको. तिनं तो पदराखाली घेतला, आणि मागच्या बाकाकडे बघितलं. नामदेवराव खाली पाहत होते. भगवंतराव बसले. आपण आयुष्यात इतक्या वेळेवर कधीच उठलो नव्हतो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं, आणि ते वाक्य पूर्ण होऊ न देता ते कागद चाळू लागले.

निकाल हिम्मतरावांच्या बाजूनं लागला. पेढे आले. नामदेवरावांना ते नाव, ते चित्र, ती बाटली वापरायला कायमची मनाई झाली, आणि शहरातला शिलकी माल नष्ट करायचा हुकूम झाला.

तो नष्ट करताना भगवंतराव हजर होते. सुलतान बाजारामागच्या एका बोळात आडत्याचं गोदाम होतं. कोर्टाचा अमीन खुर्ची टाकून बसला. लेबलं ओली करून खरवडली गेली. केस मोकळे सोडलेल्या बायकांचा चिखल झाला. आडत्या म्हणाला, तेल तरी राहू द्या, दुसऱ्या बाटल्यांत भरतो. भगवंतराव हिम्मतरावांकडे वळले. "हुकूम निशाणीपुरता आहे, हिम्मतराव. तेल ठेवायला हरकत नाही."

"नको," हिम्मतराव म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "पुन्हा त्याच वासाचं बाजारात कुठं फिरायला नको. ओता."

म्हणजे त्यांनाही तो वास येत होता. आपल्या अशिलाकडे आपण पहिल्यांदाच नीट पाहतो आहोत, असं भगवंतरावांना वाटलं. पन्नाशीचा, जाडसर, रुमालानं नाक पुसणारा माणूस. काही बोलता आलं असतं. पण आडत्या घाबरलेला होता, त्यानं हमालांना खूण केली, आणि बाटल्या उलट्या होऊ लागल्या. तेल गटारात जाताना घट्ट, हिरवट, सावकाश जातं. थोड्याच वेळात सगळा बोळ वासानं भरला. वरच्या मजल्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावरचे लोक थांबून नाक वर करू लागले, कुठं काय जळतंय की शिजतंय म्हणून. एक तेलुगू बाई पितळी चरवी घेऊन धावत आली, "पारबोयकंडी अय्या, पारबोयकंडी," ओतू नका म्हणत, आणि चरवी धारेखाली धरली. अमीनानं तिला मागं सारलं. भगवंतराव भिंतीला टेकून उभे होते. उशीचे अभ्रे, दोरीवर वाळत घातलेले ब्लाऊज, इंदुताईंच्या कानामागची ती ओलसर जागा, शाळेला उशीर होतोय म्हणून दातांत आकडा धरून बोलणं, सगळं त्यांच्या पायाशी वाहत चाललं होतं आणि त्यांना पाय उचलता येत नव्हता. हिम्मतराव निघून गेले होते.

त्यानंतर किती दिवस गेले ते असो. भगवंतरावांनी दुसरी कामं हाती घेतली. एका विडीवाल्याचं, एका दंतमंजनवाल्याचं. कोर्टातून येताना ते आता बाजाराच्या पलीकडच्या बाजूनं चालायचे. मग एका सकाळी हिमायतनगरहून गडी आला. आईसाहेबांनी विचारलंय, वकीलसाहेबांची गाडी कधी निघती?

हिम्मतराव आधी नाही म्हणाले. लोक काय म्हणतील, खटला जिंकला आणि आई हरणाऱ्याकडे गेली. भगवंतराव म्हणाले, "मी शब्द दिलाय." त्यावर हिम्मतरावांनी रुमालानं नाक पुसलं आणि ते म्हणाले, "पंधरा दिवस. माझी माय हाय ती." शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही.

काचीगुड्याहून सकाळची पॅसेंजर होती. जयवंताबाई खिडकीशी बसल्या, गाठोडं मांडीवर. कामारेड्डी गेलं, निजामाबाद गेलं, गोदावरीचा पूल आला तेव्हा त्यांनी हात जोडले. नंतर अचानक विचारलं, "तुमच्या घरी कोण असतंय?"

"कुणी नाही. म्हणजे, बायको औरंगाबादला आहे. शाळेत शिकवते."

"भांडण झालं व्हय?"

"नाही. भांडण नाही."

"मग?"

राज्य पुनर्रचना, असं म्हणता आलं असतं. दोन वर्षं ते तेच म्हणत आले होते, ज्यानं विचारलं त्याला, आणि सगळ्यांना ते पटत होतं. म्हातारीनं वाट पाहिली, मग गाठोडं सोडून शेंगदाण्याचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

नांदेडला नामदेवराव फलाटावर उभे होते. आईच्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं तसं म्हातारीनं दोन्ही हातांनी त्यांचे केस धरले, लहान मुलाचे धरतात तसे, आणि ती तोंडानं नुसतं 'आलास, आलास' करत राहिली, आपणच आलो हे विसरून. भगवंतरावांना नामदेवरावांनी चहा विचारला. रागानं नाही.

"तेलाचं काय केलंत?" भगवंतरावांनी विचारलं.

"दुसरं नाव घेतलंय. चित्र न्हाई, नुसतं फूल." ते थोडं थांबले. "चालंल हळूहळू."

मायलेक फलाटावरून निघाले. म्हातारीनं मागं वळून पाहिलं नाही. तिला वळायची गरज नव्हती. परतीची गाडी उशिरा होती. ही गाडी मात्र समोर उभी होती, पुढे परभणी, जालना, औरंगाबाद. शिट्टी झाली. भगवंतराव चढले आणि तिकीट पुढचं करून घेतलं. डब्यात गर्दी नव्हती. मनात कसलाही निश्चय नव्हता. निश्चय असता तर ते उतरले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुलमंडीजवळच्या गल्लीत पत्ता विचारत पोचले तेव्हा इंदुताई दाराला कुलूप लावत होत्या. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता. भगवंतराव पायरीखाली थांबले. काळ्या काड्यांचा, गोल काचांचा चष्मा. त्यामागचे डोळे मोठे, किंचित आश्चर्य वाटल्यासारखे दिसत होते, आणि एक क्षण त्यांना घर चुकल्यासारखं झालं.

"तुम्ही? कळवायचं नाही का?"

"चष्मा कधी लागला?"

"झालं की वर्ष." त्यांनी कुलूप पुन्हा काढलं. "या ना, आत या. उभे का?"

दोन खोल्या होत्या. खिडकीशी मेज, त्यावर मुलींच्या वह्यांचा गठ्ठा, एक खुर्ची. भिंतीला टांगलेली तानपुऱ्याची खोळ. इंदुताई गाणं शिकत होत्या? की तानपुरा घरमालकिणीचा होता? विचारायचं त्यांच्या ओठावर आलं, पण चष्म्याबद्दल विचारून झालं होतं, आणि एका सकाळी किती गोष्टी ठाऊक नसल्याचं कबूल करायचं यालाही हद्द असते. इंदुताईंनी स्टोव्ह पेटवला. त्यांचे हात भराभर चालत होते, कुठला डबा कुठं हे न पाहता. हैदराबादच्या स्वयंपाकघरात त्या अशाच वावरायच्या का? भगवंतरावांनी डोळे मिटून ते आठवायचा प्रयत्न केला. आठवला तो धुवायला झालेला पडदा.

शेजारच्या दारातून घरमालकीण कुसुमताई डोकावल्या, हातात सूप घेऊन. "बाई, पाहुणे आलेत वाटतं?"

"पाहुणे नव्हे, आमचे हे," इंदुताई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "हैदराबादला असतात."

वाक्यात तक्रार नव्हती. नदी कुठल्या गावाजवळून वाहते हे मुलींना सांगावं तसं ते होतं. कुसुमताईंनी नमस्कार केला आणि त्या गेल्या. भगवंतरावांनी चहाचा कप हातात घेतला. चहा त्यांना आवडतो तसा होता, साखर बेताची. एवढंच त्यांच्याबद्दलचं अजून इथं कुणाला माहीत होतं.

"काम होतं का इकडे?"

"नांदेडला होतं. एका बाईंना पोचवायचं होतं."

"हां." इंदुताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "पहिला तास माझाच आहे, थांबता यायचं नाही. भाकरी झाकून ठेवलीय, वांग्याची भाजी आहे. आणि…" त्या दारात अडखळल्या. चष्म्याआडून त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, प्रश्न विचारावा की नाही हे ठरवत असल्यासारखं, आणि मग ते पाहणंही आवरतं घेतलं. "परतीची गाडी संध्याकाळी असते. मला यायला साडेपाच होतात. निघालात तर किल्ली कुसुमताईंकडे देऊन जा."

किल्ली मेजावर ठेवून त्या गेल्या. गल्लीतून जाताना त्यांना वाटेत दोन मुली भेटल्या. काहीतरी बोलणं झालं आणि त्या मोकळ्या गळ्यानं हसल्या. हे हसणं भगवंतरावांनी वळणापर्यंत ऐकलं. त्यांनी चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. मग खुर्चीत बसले, बूट तसेच पायांत, पिशवी मांडीवर, स्टेशनावर बसतात तसे.

ऊन मेजावरून जमिनीवर उतरलं. त्यांनी भाकरी खाल्ली नाही. झाकण काढून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. वह्यांच्या गठ्ठ्यावरच्या पहिल्या पानावर लाल शाईनं इंदुताईंचं अक्षर होतं, 'पुन्हा लिहा', आणि ते त्यांनी बऱ्याचदा वाचलं. काय बोलायचं, हे मनात रचायला ते बसले. वकिलाला रचता यायला हवं. मुद्दे मांडता येत होते. एकाही मुद्द्याला समोरून हरकत येत नव्हती, आणि म्हणूनच कुठलाच टिकत नव्हता. मग त्यांनी रचणं सोडून दिलं. शाळेची घंटा कुठून तरी ऐकू आली, मधल्या सुट्टीची असेल. त्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

चारच्या सुमाराला कुसुमताई आल्या. "वकीलसाहेब, टांगा सांगायचा का? स्टेशन लांब आहे. किल्ली द्या माझ्याकडे."

भगवंतराव उठून उभे राहिले. पायांत मोजे होते, फरशी गार लागत होती. किल्ली त्यांच्या मुठीत होती, केव्हा घेतली ते आठवत नव्हतं.

"टांगा नको," ते म्हणाले.

"म्हणजे राहणार आजचा दिवस?"

त्यांनी मूठ उघडून किल्लीकडे पाहिलं.

"माहीत नाही. बाई शाळेतून आल्या की विचारतो."